औपचारिक व्याकरणाकडून यांत्रिक भाषांतराकडे: नव्याने येणाऱ्यांसाठी

औपचारिक व्याकरणाच्या, म्हणजे गणितासारख्या नेमक्या नियमांत मांडलेल्या व्याकरणाच्या, आधारे अर्थ आणि भाषांतर यांवर काम करू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारले जाते की, न्यूरल भाषांतर (असंख्य उदाहरणांवरून यंत्र स्वतः शिकते ते) सर्वत्र पोहोचले असताना हा खटाटोप कशासाठी. याचे उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बातम्या, पत्रव्यवहार, गप्पा अशा खुल्या मजकुरात व्याकरणाधारित पद्धत आज स्पर्धेत नाही, आणि ती आहे असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाकडे फार काळ थांबण्यात अर्थ नाही. मात्र विषय मर्यादित असेल, वाक्यांचे साचे ठरलेले असतील आणि चुकीचे भाषांतर देण्यापेक्षा काहीच न देणे परवडत असेल, तिथे व्याकरणाची बाजू अजूनही भक्कम आहे. मॉन्ट्रियलमध्ये घडलेली मेटिओ प्रणाली १९७७ पासून कॅनडातील हवामानाचे इंग्रजी अंदाज फ्रेंचमध्ये आणत होती. ते जमले, कारण हवामानवृत्ताची भाषा मुळातच आखीव असते. कामाला हात घालण्यापूर्वी आपली भाषा किती आखीव आहे हे पाहावे. सिद्धांत कितीही देखणा असला तरी ही अट सुटत नाही.

संदर्भमुक्त व्याकरण (शेजारचे शब्द न पाहता घटकांची फोड करणारे नियम), पार्सर (वाक्याची रचना शोधणारा प्रोग्राम) आणि लॅम्डा कलन (फलने लिहिण्याची गणिती पद्धत) यांची तोंडओळख वाचकाला आहे असे मी धरून चालते. मानवी भाषा चॉम्स्कीच्या श्रेणीत (व्याकरणांची त्यांच्या ताकदीनुसार लावलेली उतरंड) नेमकी कुठे बसते या वादात नवशिके फार रमतात. स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ साली स्विस जर्मनच्या आधारे दाखवून दिले की, संदर्भमुक्त व्याकरण सर्व भाषांना पुरत नाही. हा निकाल समजून घ्यावा आणि कामाला लागावे. आपले पहिले व्याकरण कोसळेल ते या कारणाने नव्हे. एलएफजी, एचपीएसजी, सीसीजी, टॅग की ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क, या व्याकरण मांडण्याच्या पद्धतींतील निवडीचेही तसेच आहे. ज्याचे साधन चालू स्थितीत मिळते आणि ज्यातील जाणकार शंकांना उत्तरे देतात, ते घ्यावे.

आता ज्या सापळ्यात मी सर्वाधिक काळ घालवला, त्याविषयी सविस्तर. आर्ने रान्टा यांच्या ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्कमध्ये, ज्याची सुरुवात १९९८ साली ग्रनोब्ल येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात झाली, व्याकरणाचे दोन थर असतात. अमूर्त थरात अर्थाची झाडे, म्हणजे वाक्याच्या अर्थाच्या फांद्याफांद्यांनी केलेल्या मांडण्या, असतात आणि प्रत्येक भाषेच्या मूर्त थरात त्या झाडाचे वाक्य कसे करायचे ते सांगितलेले असते. भाषांतर म्हणजे एका भाषेतील वाक्यावरून झाड मिळवणे आणि त्याच झाडावरून दुसऱ्या भाषेतील वाक्य काढणे. हे इतके स्वच्छ दिसते की, अमूर्त थर लिहिताना आपण नकळत इंग्रजीच लिहीत आहोत हे ध्यानात येत नाही. धडे इंग्रजीत, उदाहरणे इंग्रजीत, त्यामुळे ‘क्रियापदाला एक कर्ता आणि एक कर्म’ अशी रचना हातून सहज उतरते. वाचणे, लिहिणे, पाहणे यांवर ती उत्तम चालते आणि चाचण्या पार पडतात.

पहिली कुरकुर भूतकाळात होते. ‘सीमा पुस्तक वाचते’ ठीक निघते, पण भूतकाळात ‘सीमाने पुस्तक वाचले’, ‘सीमाने कादंबरी वाचली’ असे व्हायला हवे, म्हणजे क्रियापदाने कर्माच्या लिंगवचनानुसार रूप घ्यायला हवे. ही अडचण निरुपद्रवी आहे. ती मराठीच्या मूर्त थरात सुटते; क्रियापदाच्या नोंदीत कर्माचे लिंगवचन सोबत न्यायचे, एवढेच. अमूर्त थराला याची खबरही लागता कामा नये. नवशिक्याची फसगत पुढच्या पायरीवर होते, कारण पुढची अडचण वरवर अगदी अशीच दिसते.

‘आवडणे’ घ्या. इंग्रजीत ज्याला आवडते तो कर्ता असतो आणि आवडलेली वस्तू कर्म. त्या साच्यातून मराठीत ‘मी हे पुस्तक आवडतो’ असे बाहेर पडते. मग ‘मराठीत कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा’ अशी खूण क्रियापदाला चिकटवली जाते आणि ‘मला हे पुस्तक आवडते’ हे बरोबर वाक्य मिळाल्यावर हायसे वाटते. हे ठिगळ काही आठवडे टिकतेही. ते फाटते ते ‘पुस्तक वाचून सीमाला आनंद झाला’ यासारख्या वाक्यापाशी. इथे ‘झाला’ हे रूप ‘आनंद’ या पुल्लिंगी नामाप्रमाणे चालते, पण ‘वाचून’ या कृतीचा कर्ता सीमाच आहे. अदलाबदलीची खूण लावली की व्याकरणाच्या लेखी मुख्य वाक्याचा कर्ता ‘आनंद’ ठरतो, आणि मग आनंदानेच पुस्तक वाचले असा अर्थ झाडात बसतो. ‘सीमाला आपले पुस्तक आवडते’ यातील ‘आपले’ही सीमाकडेच बोट दाखवते, पुस्तकाकडे नाही. एकेका क्रियापदाला खुणा लावत गेलो तर शेवटी खुणांचेच एक दुसरे, कोणालाही न समजणारे व्याकरण तयार होते.

उपाय असा की, अमूर्त थरात कर्ता-कर्म हे शब्दच येऊ देऊ नयेत. ‘आवडणे’ म्हणजे अनुभवणारा आणि अनुभवाचा विषय यांतील संबंध, इतकेच तिथे नोंदवावे. कोणाला कोणती विभक्ती, क्रियापद कोणाप्रमाणे चालणार, ‘वाचून’चा कर्ता कोण, हे प्रत्येक भाषेने आपापल्या मूर्त थरात ठरवावे. यात नवे काही नाही. पाणिनीने कारक (क्रियेतील भूमिका) आणि विभक्ती (नामाचे रूप) वेगळे ठेवले, आणि ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ या सूत्राने ज्याला आवडते त्याला संप्रदान (एरवी ज्याला काही दिले जाते त्याची भूमिका) म्हटले. (संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे दावे मात्र ऐकून सोडून द्यावेत. घेण्यासारखी आहे ती पाणिनीची पद्धत.) माझा आग्रह आहे की अमूर्त थर लिहिण्याआधी एकमेकींशी न जुळणाऱ्या निदान तीन भाषांतील वाक्ये शेजारी मांडावीत. दोन भाषा पुरत नाहीत, कारण दोन भाषांमध्ये अदलाबदलीचे ठिगळ लपून राहते.

अर्थाच्या बाजूला, भाषेचा अर्थ तर्कशास्त्राने मांडणाऱ्या रिचर्ड माँटेग्यू यांच्यापासून सुरुवात करणे मला अजूनही योग्य वाटते. त्यांचा संख्यापकांवरील (‘प्रत्येक’, ‘एक’ यांसारख्या शब्दांवरील) प्रसिद्ध लेख मृत्यूनंतर, १९७३ साली, प्रकाशित झाला. पहिल्या वाचनात तो कळत नाही आणि त्याने खचून जाऊ नये. कोणालाच कळत नाही. कागदावर एकच वाक्य सोडवावे: ‘प्रत्येक विद्यार्थ्याने एक कविता वाचली’. ‘सीमा’ ही व्यक्ती आहे, पण ‘प्रत्येक विद्यार्थी’ अशी कोणी व्यक्ती नाही. मग दोन्ही नामपदे एकाच नियमात कशी बसतात? माँटेग्यूने ‘सीमा’लाही गुणधर्मांचा समूह मानले, हे हाताने पदांचे प्रकार (व्यक्ती, गुणधर्म इत्यादी) जुळवताना जितके पटते तितके व्याख्यानातून पटत नाही. याच वाक्याचे दोन अर्थ निघतात: सर्वांनी तीच एक कविता वाचली, किंवा ज्याने त्याने वेगवेगळी. हिंदीत नेताना ही संदिग्धता बहुधा जशीच्या तशी जाते, म्हणून ती सोडवत बसू नये. जिथे लक्ष्यभाषा निवड करायला भाग पाडते तिथेच ती सोडवावी. संदिग्धता फार वेगाने वाढते: इंग्रजीत क्रियापद व कर्मानंतर शब्दयोगी पदे (in, with यांसारख्या शब्दांनी सुरू होणारी) एकामागून एक जोडत गेले तर झाडांची संख्या २, ५, १४, ४२ अशी होते. त्यामुळे ‘आणखी एक नियम घालू’ म्हणण्यापूर्वी जुन्या वाक्यांची झाडे किती वाढली ते मोजावे.

आडवाटांविषयी माझे मत कडक आहे. भाषा-प्रारूपाकडून (मजकूर लिहिणाऱ्या एआयकडून) नियम लिहून घेतले तर ते संकलित (कंपाइल) होतात, वाक्येही देतात, आणि वरचा कर्ता-कर्माचा साचा हमखास घेऊन येतात. शब्दरूपांच्या तक्त्यांसाठी त्याची मदत जरूर घ्यावी. अमूर्त थर स्वतः लिहावा. मार्गदर्शक निवडताना तो कोणत्या सिद्धांताचा आहे यापेक्षा चाचणीची वाक्ये आधी मागतो की नाही, ते पाहावे. निव्वळ व्याकरणलेखनाच्या जागा थोड्या आहेत हे खरे, पण हे येणाऱ्याला प्रशिक्षणाच्या विदेतील (डेटातील) चुका पकडणे, नियंत्रित (ठरावीक साच्यांच्या) भाषेची साधने बांधणे, न्यूरल भाषांतराची कसोटी आखणे ही कामे मिळतात, आणि तिथे त्याची नजर इतरांपेक्षा वेगळी ठरते. सुरुवात दोन याद्यांनी करावी: व्याकरणाने स्वीकारायची वाक्ये एका यादीत आणि ‘मी हे पुस्तक आवडतो’ यासारखी, त्याने नाकारलीच पाहिजेत अशी, दुसरीत. दुसरी यादी पहिलीपेक्षा लहान राहत असेल तर चाचणी अपुरी आहे.