डिस्क गोल्फचा ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) जुना होतो तेव्हा नेमकं काय बदलतं, आणि कुठल्या प्लास्टिकमध्ये काय घ्यावं

डिस्क गोल्फ (चकती फेकून ठरलेल्या टोपलीत टाकण्याचा खेळ) नव्यानं खेळणाऱ्याला दुकानात पहिलं कोडं पडतं ते असं: नाव तेच, आकडे तेच, आणि एक डिस्क दुसरीच्या जवळजवळ दुप्पट महाग. विचारलं की उत्तर मिळतं, ‘महागडी टिकाऊ असते.’ उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. स्वस्त प्लास्टिकची डिस्कसुद्धा सहसा तुटत वगैरे नाही. बदलते ती तिची फ्लाइट, म्हणजे उडण्याची तऱ्हा. म्हणून विकत घेताना प्रश्न असा विचारावा की ही डिस्क झिजल्यावर कुठल्या दिशेनं बदलेल, आणि तो बदल आपल्याला हवा आहे का.

आधी आकडे. इनोव्हा या डिस्क कंपनीच्या पद्धतीत डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न, फेड. काही ड्रायव्हरांचे आकडे असे: डिस्ट्रॉयर 12, 5, −1, 3. टीबर्ड 7, 5, 0, 2. लेपर्ड 6, 5, −2, 1. फायरबर्ड 9, 3, 0, 4. उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी उणे टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे कलणं, आणि फेड म्हणजे वेग संपताना डावीकडे वळणं. हे आकडे नव्या डिस्कचे असतात आणि ती पुरेशा वेगानं फेकली असं गृहीत धरलेलं असतं. एकाच मोल्डच्या (साच्याच्या) पाच प्लास्टिकांवर बहुधा तेच चार आकडे छापलेले दिसतात, प्रत्यक्षात त्या पाचही वेगवेगळ्या उडतात.

कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. डिस्क वेगात असते तेव्हा हवेची उचल तिच्या मध्याच्या जरा मागे पडते, त्यामुळे पुढची कड खाली जाऊ पाहते. पण डिस्क भिंगरीसारखी फिरत असल्यानं तिची पुढची कड न झुकता ती बाजूला, म्हणजे उजवीकडे कलते. वेग उतरला की उचल मध्याच्या पुढे सरकते आणि तीच गोष्ट उलट होऊन डिस्क डावीकडे येते. उचल कधी आणि किती सरकणार हे बऱ्याच अंशी रिमच्या (डिस्कच्या जाड काठाच्या) सर्वांत बाहेरच्या कडेवर, म्हणजे नोजवर ठरतं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे नोजवर एक बारीक रेघ राहते, ती पार्टिंग लाइन. ही रेघ डिस्कच्या तळापासून उंच असेल तर डिस्क जास्त ओव्हरस्टेबल (डावीकडे ओढणारी), खाली असेल तर अंडरस्टेबल (उजवीकडे कलणारी). फरक मिलिमीटरच्या अंशाचा असतो, पण फ्लाइटमध्ये तो सरळ दिसतो.

साचा एकच असला तरी प्रत्येक प्लास्टिक थंड होताना वेगवेगळं आकसतं. एखाद्यात डोम, म्हणजे माथा, फुगीर राहतो, एखाद्यात पार सपाट होतो, आणि नोजची उंचीही हलते. इनोव्हाचं महागडं चॅम्पियन प्लास्टिक साधारणपणे त्याच मोल्डच्या स्वस्त डीएक्सपेक्षा ओव्हरस्टेबल निघतं ते यामुळे. शिवाय एकाच प्लास्टिकच्या दोन बॅचेसमध्येही फरक पडतो, आणि कधी कधी तो दोन प्लास्टिकांमधल्या फरकाहून मोठा असतो. म्हणून ‘स्टार म्हणजे अशी, चॅम्पियन म्हणजे तशी’ ही विधानं कल म्हणून ऐकावीत. हातातली डिस्क तपासणं जास्त भरवशाचं.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. डिस्क सपाट टेबलावर रिम खाली करून ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणा. पार्टिंग लाइन किती उंचीवर आहे ते दुसऱ्या डिस्कशेजारी ठेवून बघा. रिम सगळीकडे टेबलाला टेकते का, की कुठे उचललेली आहे, तेही बघा. मग अंगठ्यानं माथा दाबा: खटकन आत जाणारा मऊ माथा आणि ताठ सपाट माथा यांची उडण्याची तऱ्हा वेगळी असते. सपाट माथ्याची डिस्क सहसा लवकर खाली येते आणि डावीकडे जास्त ओढते, फुगीर माथ्याची जास्त तरंगते.

आता प्लास्टिकचे वर्ग. नावं कंपनीगणिक बदलतात, पण तळाशी गट मोजकेच.

बेस प्लास्टिक: इनोव्हाचं डीएक्स, डिस्कक्राफ्टचं प्रो-डी, लॅटिट्यूड 64 चं रेट्रो, डायनॅमिक डिस्क्सचं प्राइम, डिस्कमेनियाची डी-लाइन. पकड उत्तम, ओल्यातही बरी, किंमत कमी. पण झाडावर जोरात आपटली की पहिल्याच दिवशी नोजवर खाच पडते.

प्रीमियमचे दोन पोटगट, आणि ते जोड्यांत लक्षात ठेवणं सोयीचं. एक पारदर्शक, ताठ, गुळगुळीत: चॅम्पियन, झेड, ऑप्टो, ल्युसिड, व्हीआयपी, सी-लाइन. दुसरा अपारदर्शक, जरा मऊ, पकडीला चांगला: स्टार, ईएसपी, गोल्ड, फ्युजन, टूर्नामेंट, एस-लाइन. दोन्ही गटांचा पाया पॉलियुरेथेन जातीचा, म्हणून घाव सोसतात. पारदर्शक गट सगळ्यात हळू बदलतो. अपारदर्शक गट हळूहळू पण नक्की बदलतो, आणि बदलताना अंदाज घ्यायला वेळ देतो. बेस आणि प्रीमियम या दोन टोकांच्या मध्ये इनोव्हाचं प्रो किंवा आर-प्रो बसतं: चिकट पकड, मधला टिकाऊपणा. जी-स्टारसारखी लवचीक मिश्रणं थंडीत हाताला बरी लागतात, कारण गारठ्यात चॅम्पियन काचेसारखं ताठ आणि निसरडं होतं.

एमव्हीपी या कंपनीच्या डिस्क या हिशेबात नीट बसत नाहीत. त्यांचा गाभा एका प्लास्टिकचा आणि बाहेरची जड कड वेगळ्या प्लास्टिकची असते. न्यूट्रॉन, प्रोटॉन, प्लाझ्मा ही नावं गाभ्याची. झीज मात्र कडेची होते.

बेस प्लास्टिकचा ड्रायव्हर झिजतो कसा? आधी नोजवर बारीक खाचा आणि वर आलेले कंगोरे. हे कंगोरे हाताला टोचतात, सुटताना बोटात अडकतात आणि फेक बिघडवतात. मग नोजची धार बोथट होऊन जरा खाली दबते, आणि शेवटी अख्खी रिम किंचित वाकडी होते. फ्लाइटमध्ये याचा क्रम साधारण असा दिसतो: आधी टर्न वाढतो, फेड बराच काळ शाबूत राहतो. म्हणजे नवा टीबर्ड सरळ जाऊन डावीकडे वळायचा, तोच मधल्या काळात उजवीकडे थोडा जाऊन परत येतो, म्हणजे एस आकार काढतो. पुढे फेडही मावळतो आणि टीबर्ड जवळपास सरळ जातो. त्याहीपुढे तो हायझर कोनात, म्हणजे डावीकडे झुकवून, फेकला तरी सपाट उभा राहून उजवीकडे निघतो. खेळाडू याला हायझर-फ्लिप म्हणतात, आणि जंगलातल्या अरुंद वाटेसाठी ही फेक सोन्यासारखी असते. तिथूनही झिजला की मग रोलरच्या, म्हणजे जमिनीवर कडेवर घरंगळवायच्या फेकीच्या, कामाचा.

यावरून आमचा सल्ला, जो दुकानातल्या नेहमीच्या सल्ल्याशी जुळत नाही. ज्या मोल्डला घसरायला जागा आहे तो बेसमध्ये घ्या. टीबर्डसारखा स्टेबल (वेगात सरळ जाणारा) फेअरवे, म्हणजे मध्यम वेगाचा, ड्रायव्हर डीएक्समध्ये घेतला तर वर्षभरात एकाच मोल्डच्या तीन-चार वेगळ्या फ्लाइट मिळतात. लेपर्ड किंवा साइडवाइंडर मुळातच अंडरस्टेबल, ते बेसमध्ये घेतले तर चांगले दिवस फार थोडे टिकतात, म्हणून ते स्टार किंवा ईएसपी जातीत. आणि फायरबर्डसारखा मुद्दाम ओव्हरस्टेबल ड्रायव्हर फक्त पारदर्शक प्रीमियममध्ये, कारण त्याचं कामच वाऱ्यातही न डगमगता बॅकहँडला डावी आणि फोरहँडला उजवी ओढ देणं आहे. तो सरळ उडू लागला तर तो कशाला बाळगायचा?

12-13 स्पीडचे रुंद रिमचे ड्रायव्हर बेसमध्ये घेऊच नयेत. त्यांची लांबी धारदार नोजवर अवलंबून असते आणि ती धार पहिल्यांदा जाते. तसंही सपाट फेकून 80 मीटर नियमित जात नसेल तर या ड्रायव्हरांची गरज नाही. कमी वेगात कुठलीही डिस्क ओव्हरस्टेबल वाटते, आणि नवखा खेळाडू आपल्या हाताची उणीव प्लास्टिकच्या माथी मारतो. 6-7 स्पीड आणि 150 ते 165 ग्रॅम वजन यांनी सुरुवात बरी. हलकी डिस्क त्याच मोल्डच्या जड डिस्कपेक्षा सहज वळते, हेही ध्यानात असू द्या.

डिस्क बदलली की हात बदलला, हे ओळखायला एक युक्ती आहे. त्याच मोल्डची एक चॅम्पियन किंवा झेड डिस्क मोकळ्या मैदानापुरती राखून ठेवा, झाडांत कधीच फेकू नका. वारा पडलेला असताना राखीव आणि वापरातली अशा दोन्ही डिस्क पाच-पाच वेळा, छातीच्या उंचीवर, सपाट, पूर्ण ताकदीच्या अंदाजे ऐंशी टक्क्यांनी फेका. नेमच्या रेषेपासून सर्वांत उजवीकडे किती पावलं गेली आणि थांबली कुठे, एवढंच लिहा. राखीव डिस्क पूर्वीसारखी आणि वापरातली जास्त उजवीकडे, तर झीज. दोन्ही उजवीकडे, तर तुमचा वेग वाढलाय किंवा सुटताना मनगट पलटतंय. दहा राउंडनी पुन्हा फेका. डिस्कवर स्वतःची खूण करणं स्पर्धेच्या नियमात सक्तीचंच आहे, त्याच शाईनं पोटावर खरेदीचा महिना लिहून टाका.

वाऱ्याचं एक वेगळं. समोरून वारा आला की प्रत्येक डिस्क जास्त अंडरस्टेबल वागते, म्हणून झिजलेला ड्रायव्हर तिथे उजवीकडे पलटून जमिनीवर येतो. नव्या, ताठ डिस्कची पाळी तेव्हाच. पाठीमागच्या वाऱ्यात उलट, झिजलेलाच ड्रायव्हर लांब तरंगतो.

देखभालीत करण्यासारखं थोडंच आहे. वर आलेले कंगोरे 220 ते 400 नंबरच्या पॉलिश कागदानं हलके घासून बोटाला लागणार नाहीत इतपत सारखे करा. पीडीजीएच्या (व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या) नियमात वापरानं झालेली झीज आणि खरचटे किंवा साच्याची खोट काढायला केलेलं माफक घासणं चालतं. फ्लाइट बदलावी म्हणून नोज घासून नवा आकार देणं चालत नाही. चीर किंवा भोक पडलेली डिस्कही बाद. थंडीत जोराचा फटका बसला की रिम आणि माथा जुळतात त्या जागी, आतल्या बाजूनं, बोट फिरवून बघा. चिरा पहिल्यांदा तिथेच दिसतात.

झाडावर आदळून डिस्क दुमडल्यासारखी वाकली, किंवा उन्हात बंद गाडीत राहून वेडीवाकडी झाली, तर प्रीमियम प्लास्टिक बहुधा वळवून आणता येतं. नळाचं गरम पाणी घ्या, उकळतं नको. एक-दोन मिनिटं बुडवा, सपाट फरशीवर ठेवून हातानं दाबा, वर पुस्तकांचं वजन द्या, सरळ झाली की थंड पाण्यात. एकदा नाही जमलं तर पुन्हा. बेस प्लास्टिक यात कमी साथ देतं, आणि फार तापवलं तर माथा कायमचा खचतो.

बॅगेत जागा मर्यादित असेल तर सुरुवातीला एकाच फेअरवे मोल्डच्या तीन डिस्क ठेवा: नवी प्रीमियम, मध्यम झिजलेली, आणि पार मुरलेली डीएक्स. नवी सोडून उरलेल्या दोन बहुतेकदा मैदानावरच्या जुन्या खेळाडूंकडे सहज मिळून जातात. फक्त घेण्याआधी रिमच्या आतून बोट फिरवायला विसरू नका.