अंगणवाडीचा वर्ग कसा सुधारावा: रंगाच्या डब्याआधी बोलण्याकडे बघा

अंगणवाडी सुधारायची म्हटलं की आपल्याकडे आधी रंगाचे डबे येतात. भिंतीवर कार्टून, दारावर फुगे, पैसे उरले तर टीव्ही. उद्घाटन होतं, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पंचवीस मुलं त्या रंगीत भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसलेली दिसतात. सेविका, पर्यवेक्षिका आणि बालवाड्या चालवणाऱ्या संस्था यांच्याबरोबर मी हे काम बरीच वर्षं करते आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग चांगला की वाईट, हे तिथलं मोठं माणूस मुलाशी कसं बोलतं यावर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे. बाकीच्या गोष्टीही लागतात, पण त्या सोप्या आहेत. त्या भराभर सांगते आणि अवघड जागी थांबते.

खोली झाडलेली आहे, पाणी भरलेलं आहे, मुलं रोज येतात आणि आहार वेळेवर मिळतो, एवढं गृहीत धरलं आहे.

पहिली पायरी: एक सकाळ नुसतं बघा

काहीही बदलण्याआधी एक सकाळ कोपऱ्यात बसून दर पाच मिनिटांनी वहीत दोन गोष्टी लिहा: या क्षणी किती मुलं काही न करता थांबली आहेत आणि कोण बोलतं आहे. हात धुवायची रांग, हजेरी, ताटं मांडेपर्यंतची वाट, पाटीवर शेरा मिळेपर्यंतची वाट, हे सगळं थांबण्यात धरा. बहुतेक ठिकाणी सकाळचा मोठा तुकडा असाच जातो आणि ‘कोण बोलतं’ या रकान्यात फक्त ‘ताई’ आणि ‘सगळे एका सुरात’ एवढंच उमटतं. हा कागद जपून ठेवा. पुढे तोच कामाला येतो.

दुसरी पायरी: खोली आणि वेळापत्रक

वस्तू मुलांच्या हाताला लागतील इतक्या खाली आणा. पूर्वशालेय शिक्षण संच कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि भेट असली की काढायचा, ही पद्धत आजच बंद करा. खेळणी तुटली तर तुटू देत. खोली लहान असेल तर चटया आणि जुन्या साड्या वापरून चार कोपरे करा: बाहुलीघर, ठोकळे, पुस्तकं आणि बिया-शिंपले-खडे. महागडं काहीही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात पानं, बिया आणि खडे हेच शिक्षणाचं साहित्य होतं, आणि वर्ग पाड्यावरच्या अंगणात भरायचा, म्हणून ती ‘अंगणवाडी’. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं.

वेळापत्रकात एकच नियम पाळा: बसण्याच्या कामानंतर हालचालीचं काम. थांबण्याच्या वेळा फोडा. हजेरी मुलं आपापलं नावाचं कार्ड खिळ्याला अडकवून लावू शकतात. हात धुवायला चार-चार जण पाठवा.

तिसरी पायरी: बोलणं

इथे बहुतेक सगळे अडतात. मलाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर लागला. जगभर हीच गोष्ट अवघड जाते. अमेरिकेत असे वर्ग पाहण्यासाठी ‘क्लास’ नावाचं एक मापन वापरतात. त्यात एक ते सात गुण देतात आणि तीन भाग बघतात: मुलांना मिळणारा भावनिक आधार, वर्गाची घडी आणि विचार-भाषा वाढवणारी साथ. पहिल्या दोन भागांत बरे गुण मिळवणारे वर्गसुद्धा तिसऱ्यात खाली असतात. मायाळू आणि शिस्तशीर असलेल्या शिक्षिकेलाही मुलाशी खरं बोलणं वेगळं शिकावं लागतं.

आपल्याकडे बोलणं कसं चालतं ते आठवा. ताई चित्र वर धरतात. “हा कोण?” पंचवीस आवाज: “हत्तीऽऽ!” “हत्तीला काय असते?” “सोंऽऽड!” बघणाऱ्याला वर्ग जिवंत वाटतो. प्रत्यक्षात पाच-सहा मुलं उत्तर देत असतात आणि बाकीची अर्धा क्षण मागून शेवटचं अक्षर ओढत असतात. त्या उत्तरासाठी कुणालाच विचार करावा लागलेला नसतो. बडबडगीतात एकसुरी आवाज छान वाटतो, पण गप्पांच्या वेळेत तो शिरला की गप्पा संपल्या.

पंचवीस मुलांशी एकदम गप्पा होत नाहीत, हे आधी मान्य करा. ‘गोल बसवून सगळ्यांना अनुभव सांगायला लावा’ असा सल्ला प्रशिक्षणात सर्रास देतात. तो देणाऱ्याने चौथ्या मुलाची पाळी येईपर्यंत बाकीची काय करतात हे एकदा बसून पाहावं. पाच-पाच मुलांचे पाच गट करा. रोज एक गट, पंधरा मिनिटं. आठवड्याचे पाच दिवस असे गेले की सहावा दिवस गैरहजर राहिलेल्यांसाठी उरतो. बाकीची वीस मुलं तेव्हा कोपऱ्यांत मुक्त खेळतील आणि मदतनीसताई त्यांच्यात बसतील. आहार बचत गटाकडून येत असेल तर मदतनीसताईंना मोकळीक असते. अंगणवाडीतच शिजत असेल तर गप्पा चूल पेटवण्याआधी घ्या. मदतनीसाचं पद रिकामं असेल तर दुसरा मार्ग आहे. जेवताना रोज वेगळ्या पंगतीत मुलांशेजारी बसा आणि तिथेच बोला. तोंडात घास असला तरी त्या गप्पा फार चांगल्या होतात.

गट पाडताना एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: गप्प बसणारी मुलं एकत्र ठेवा. प्रत्येक गटात एक बोलकं मूल घातलं की बाकीच्यांना धीर येतो, असं लोक सांगतात. तसं होत नाही. बोलकं मूल सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळं होतं. गप्प मुलांच्या गटात सुरुवातीला शांतता पसरेल, ती पसरू द्या. थोड्या वेळाने कुणीतरी बोलतंच, कारण त्यांच्या वतीने बोलणारं तिथे कुणी नसतं.

मध्ये खरी वस्तू ठेवा, चित्र नको. शेवग्याची शेंग, ओली छत्री, गंज चढलेलं कुलूप, पावसाळ्यात दारात आलेली गोगलगाय, काहीही चालेल. “हे काय आहे?” असं मात्र विचारू नका. मुलाला ते माहीत असतं, तुम्हाला माहीत आहे हेही त्याला माहीत असतं, आणि ही परीक्षा आहे हे त्याच्या लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा वस्तूविषयी आपल्या मनात खरंच जे येतं ते बोला. मध्ये गोगलगाय असली तर ताई अशी सुरुवात करतात:

“ही हलत कशी नाही?”

“झोपलीय.”

“झोपलीय होय? कशावरून?”

“डोकं आत घेतलंय तिनं.”

“खरंच की, डोकं शंखात घेतलंय. मग आता उठवायची कशी?”

“पाणी टाक तिच्यावर,” दुसरा म्हणतो. पाणी शिंपडतात आणि पाच डोकी जमिनीला लागतात.

यात ताईंनी तीन गोष्टी केल्या. मुलाचं वाक्य उचललं, त्यात एक शब्द वाढवून परत दिलं आणि पुढचा प्रश्न मुलाच्याच बोलण्यातून काढला. वाक्याची अशी ये-जा निदान तीनदा झाली पाहिजे. बहुतेक संवाद दीडातच मरतात: ताई विचारतात, मूल एक शब्द बोलतं, ताई “शाब्बास!” म्हणून पुढच्याकडे वळतात. या ‘शाब्बास’पासून सावध राहा. हा शब्द मायेने येतो, पण मुलाला त्यातून ‘तुझं झालं, आता थांब’ एवढंच कळतं. त्याऐवजी “मग?” म्हणा.

दुसरी सावधगिरी थांबण्याची. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातली बोलणी मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन ते चार वर्षांच्या मुलासाठी मी पाच सेकंद सांगते. मनात एक ते पाच सावकाश मोजा. तेवढ्या वेळात प्रश्न पुन्हा विचारू नका, सोपा करू नका, शेजारच्याला विचारू नका. हे पाच सेकंद फार लांब वाटतात. सेविकांना सगळ्यात जड जातं ते हेच, कारण पर्यवेक्षिका बसलेली असताना शांतता झाली तर मुलांना येत नाही असं दिसेल, ही भीती मनात असते. पर्यवेक्षिकांनी ती भीती स्वतःहून काढून टाकावी.

तिसरी सावधगिरी ‘का’ या प्रश्नाची. खुले प्रश्न विचारा म्हटलं की सगळे ‘का’ची सरबत्ती सुरू करतात. “तू उशिरा का आलास?” “हे का सांडलं?” तीन वर्षांच्या मुलाला कारण सांगणं अवघड असतं, शिवाय घरी ‘का’ ऐकू येतो तो बहुधा रागावताना. लहान मुलांसाठी “मग काय झालं?”, “तू काय केलंस?”, “कसं केलंस दाखव” हे प्रश्न चालतात. ‘का’ पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी ठेवा.

आणि भाषा. मूल म्हणतं, “माय वावरात गेली.” त्यावर “माय नाही, आई म्हण, वावर नाही, शेत” असं केलं की त्या मुलाने त्या आठवड्यात तुमच्याशी पुन्हा बोलावं अशी अपेक्षा धरू नका. “वावरात गेली? काय आणायला?” एवढं पुरतं. प्रमाण मराठी गोष्टींमधून आणि गाण्यांमधून कानावर पडतच राहते. पालघरचं वारली बोलणारं, मेळघाटचं कोरकू, गडचिरोलीचं गोंडी किंवा नंदुरबारचं पावरी बोलणारं मूल पहिल्या दिवशी मराठी समजत नाही म्हणून गप्प असतं, आणि नोंदवहीत मात्र ‘लाजाळू’ असा शेरा पडतो. मदतनीस त्याच पाड्यावरच्या असतील तर त्या मुलांशी गप्पा त्यांनीच घ्याव्यात आणि ताईंनी शेजारी बसून ऐकावं. घरच्या भाषेतून सुरुवात करा, असं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा दोन्ही सांगतात. कुणी हरकत घेतली तर ही दोन नावं पुढे करा.

अजिबात न बोलणाऱ्या मुलाला प्रश्न विचारूच नका. त्याच्या शेजारी बसून तेच काम करा. तो शेंगा सोलत असेल तर आपणही सोला आणि आपण काय करतोय ते हळू आवाजात बोलत राहा. बोलणं येतं ते बहुधा हात कामात असताना आणि तुम्ही त्याच्याकडे रोखून बघत नसताना.

वजन-उंचीच्या दिवशी आणि लसीकरणाच्या दिवशी हे करायला जाऊ नका. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर माहिती भरता भरता गप्पा होत नाहीत, फोन बाजूला ठेवा. फोनचा एक उपयोग मात्र आहे: आठवड्यातून एकदा त्या पंधरा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा आणि घरी एकट्याने ऐका. एका सुरात आलेली उत्तरं किती, मुलाची स्वतःची वाक्यं किती, तीनदा ये-जा किती वेळा झाली, एवढं मोजा आणि रेकॉर्डिंग पुसून टाका. माझ्या पाहण्यात यापेक्षा लवकर सुधारणा घडवणारं दुसरं साधन नाही, आणि यासाठी बाहेरून तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.

चौथी पायरी: गोष्ट, गाणी

गाणी सगळ्यांना येतात, त्यावर लिहीत नाही. गोष्ट आठवडाभर एकच सांगा. रोज नवी गोष्ट मोठ्यांना हवी असते, मुलांना तीच पुन्हा हवी असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वतः सांगू लागतात.

पाचवी पायरी: पालक

“नुसतं खेळतात, लिहायला कधी शिकवणार?” हा प्रश्न येणारच, विशेषतः शेजारी इंग्रजी माध्यमाची केजी असेल तर. दबावाखाली तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानभर ‘अ’ गिरवून घेऊ नका. त्या बोटांना आधी माती मळायची, मणी ओवायचे, कागद फाडायचा असतो. पालक मेळाव्यात भाषण देऊन हे कुणाला पटत नाही. मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. गप्पांच्या वेळी मूल जे बोललं त्यातलं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, चिठ्ठीवर लिहून घरी पाठवा: ‘गोगलगाय झोपली की डोकं आत घेते.’ खाली मुलाचं नाव. आठवड्याला एक चिठ्ठी. आई-वडील ती वाचून दाखवतात, मूल पुढचं सांगतं, आणि ‘नुसतं खेळतात’ हे कमी ऐकू येऊ लागतं. वाचता न येणाऱ्या घरी मूल न्यायला आलेल्या आजीला ते वाक्य तोंडी सांगा.

सहावी पायरी: भेट देणाऱ्यांसाठी

हे पर्यवेक्षिकांसाठी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. भेटीत आधी रजिस्टर मागू नका. वीस मिनिटं मुलांमध्ये खाली बसा, गप्पांचा गट ऐका आणि ताईंची दोन वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या. एक जमलेलं, एक अडलेलं. मुलं गेल्यावर आधी जमलेलं वाचून दाखवा, मग अडलेलं, आणि विचारा की इथे आणखी काय म्हणता आलं असतं. उत्तर तुम्ही देऊ नका, पाच सेकंदांचा नियम इथेही लागू आहे. एका भेटीत एकच मुद्दा. आठ-दहा सूचनांची यादी लिहून गेलात तर ती यादी फाईलमध्ये जाईल. पुढच्या भेटीत तोच मुद्दा आधी बघा आणि तो बसला असेल तरच नवा घ्या. साधारण दोन महिन्यांनी पहिल्या सकाळचा तो कागद काढा, तीच पाच-पाच मिनिटांची नोंद पुन्हा करा आणि दोन्ही कागद ताई व मदतनीस यांच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवा.