चित्राची पाठ आधी बघा: घरी फ्रेम करताना या चुका टाळा

परभणीत घरच्या घरी फ्रेमा बांधून देण्याचं काम मी चौदा वर्षं करतेय. जुलै-ऑगस्ट लागला की माझ्याकडे चित्रं येतात ती फ्रेम करायला कमी आणि वाचवायला जास्त. समोरची पट्टी सोनेरी, नक्षीची, महागाची. उलटी करून बघावं तर मागे टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्राची घडी आणि चारी बाजूंनी सेलोटेप. सगळा पैसा पाहुण्यांना दिसतो तिथं गेलेला. माझा हिशेब याच्या उलट आहे. पट्टी भंगारातली चालेल, चित्राला प्रत्यक्ष टेकणारी वस्तू मात्र चांगलीच हवी.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे काच थेट चित्रावर ठेवणं.

माझ्या मोठ्या मामांनी अंबाजोगाईच्या आमच्या वाड्याचं जलरंगात चित्र काढलं होतं. दगडी जोतं, दिंडी दरवाजा आणि त्यावर झुकलेलं लिंबाचं झाड. आईनं ते एका दुकानातून फ्रेम करून आणलं. माउंटनं, म्हणजे काच आणि चित्र यांच्यामध्ये बसणाऱ्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्यानं, चित्र लहान दिसतं, असं दुकानदाराचं म्हणणं, म्हणून माउंट लावला नाही. फ्रेम गेली पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर. ती भिंत मे महिन्यात रात्री नऊपर्यंत तापलेली असायची आणि पावसाळ्यात तिला ओल यायची. तिसऱ्या श्रावणात चित्रावर काळे ठिपके दिसले आणि झाडाच्या जागी पाणी सांडल्यासारखा चकाकता डाग. मी तेव्हा बावीस वर्षांची, दम कसला तो नव्हता. मागचे खिळे काढले आणि कागद ओढला. झाड काचेवरच राहिलं. मामा काही बोलले नाहीत. काच हातात घेऊन, उजेडाकडे धरून, बराच वेळ बघत बसले. ती काच आजही माझ्या कपाटात आहे.

झालं काय होतं, ते मला नंतर कळलं. जलरंगात डिंक असतो. पावसाळी हवेत गारठलेल्या काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरतो, डिंक सैल होतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो, त्यांचंही असंच होतं. आपल्याकडे मेमधली करकरीत कोरडी हवा आणि जूननंतरची दमट हवा यांत इतकी तफावत असते, की कागद दरवर्षी फुगतो आणि आकसतो. त्याला हलायला जागा लागते. ती जागा माउंट देतो. नेहमीचा माउंट बोर्ड साधारण दीड मिलिमीटर जाड असतो, तेवढं अंतर पुरतं. ए-४ चित्राला मी १२ बाय १६ इंचांची फ्रेम घेते, खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी ३-४ मिलिमीटर आत कापते आणि खालची कड बोटभर जास्त ठेवते. माउंट नकोच असेल, तर त्याच्या कातरणाच्या बारीक पट्ट्या फ्रेमच्या खाचेत काच आणि चित्र यांच्यामध्ये बसवा. त्या बाहेरून दिसत नाहीत.

चित्र आधीच चिकटलं असेल तर ओढू नका, पाणी लावू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको. काचेसकट चांगला फोटो काढून ठेवा आणि कागदाच्या जतनाचं काम शिकलेल्या माणसाला दाखवा. तसा माणूस मिळेपर्यंत ते तसंच राहू द्या. तसंच राहिलेलं चित्र पुढे कधी वाचू शकतं.

भिंत आणि फ्रेम यांच्यातही अशीच थोडी जागा हवी. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळती राहते, खर्च जवळपास काहीच नाही. त्याआधी फ्रेमची पाठ खाकी कागदानं बंद करा, नाहीतर धूळ, कसर आणि पालीची अंडी आत जातात.

दुसरी चूक चिकटवण्याची, आणि तिच्या मुळाशी घाई असते. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्या मुलीचं स्मरणचित्र घेऊन एक आई आली होती. "ताई, लॅमिनेशन करून टाकलं, आता पाण्यानंपण काही होत नाही बघा." तेलकट खडूचं काम होतं ते. यंत्राच्या उष्णतेनं खडू वितळून रंग एकमेकांत मिसळले होते, आणि प्लास्टिक काढायला गेलं की कागद फाटणार. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काही करता आलं नाही. लॅमिनेशन आधार कार्डाच्या झेरॉक्सला करा. हातानं काढलेल्या चित्राला कधीच करू नका. फळीवर फेविकॉल पसरून चित्र चिकटवणं हाही त्यातलाच प्रकार. फळी आणि कागद वेगवेगळे फुगतात, दोन पावसाळ्यांत सुरकुत्या येतात, आणि मग ते सुटत नाही.

चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, हातकागदाच्या बोटभर पट्ट्यांवर टांगायचं. बाकी मोकळं. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे हातकागदाचं जुनं गाव. सुती चिंध्यांपासून केलेला कागद लाकडाच्या लगद्याच्या कागदासारखा पिवळा पडत नाही, म्हणून पट्ट्यांना मी तोच प्रकार वापरते. आणि चिकटवायला गव्हाचा चीक. कुरडयांसाठी आपण काढतो तोच, फक्त मीठ-हिंग घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढायचा. वरचं पाणी तीन-चारदा बदलून आंबटपणा घालवायचा, मग चौपट-पाचपट पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. मोठमोठ्या संग्रहालयांतले लोकसुद्धा कागदासाठी गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात. ती पाण्यानं परत सुटते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात तसं चित्रासाठी करू नका, तांब्यानं कागद खराब होतो. थोडी करा, ताजी वापरा.

सेलोटेप चित्राच्या मागेसुद्धा नको. त्याचा गोंद पिवळा होऊन पुढच्या बाजूला उमटतो.

"चमक येते" म्हणून कागदावरच्या चित्राला वॉर्निश मारणारे मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी अजिंठ्याचं सांगते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणून तिथल्या चित्रांचं काम करवून घेतलं. चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. हेतू चांगला होता, माणसं शिकलेली होती, तरी हे झालं. आपण रविवारच्या दुपारी डबा उघडून ब्रश कशाला मारायचा?

कोळशाच्या आणि पेस्टलच्या चित्राला ॲक्रिलिक शीट नको. पुसली की तिच्यात स्थिर वीज येते आणि भुकटी उडून तिला लागते. तिथं काचच. पलंगाच्या डोक्याशी मात्र काच टांगू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट आठवणाऱ्या लातूर-धाराशिवच्या घरांत हे वेगळं सांगावं लागत नाही.

फ्रेम छताजवळ नको. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवा. उन्हाची तिरीप येते तिथं जलरंग आणि प्रिंट दोन्ही उडतात. मातीच्या भिंतीत खिळा ठोकू नका, जुनी खुंटी असेल तर तिलाच दोरीनं टांगा. सिमेंटच्या भिंतीला ड्रिल आणि प्लग. आणि फ्रेमसाठी धडधाकट पैठणी किंवा हिमरू शाल कापू नका. विरलेली असेल तर काठ सुती कापडावर टाक्यांनी धरा, गोंद नको.

स्वस्तात करायचं तर वस्तू घरातच असतात. जुन्या कॅलेंडरच्या पत्र्याच्या पट्ट्या मी फेकत नाही. वर एक, खाली एक लावली की मोठं पोस्टर बिनकाचेचं सरळ लटकतं. पाडलेल्या वाड्यांच्या खिडक्यांच्या चौकटी भंगारात मिळतात. पण आणल्यावर चार दिवस कडक उन्हात ठेवा आणि टोकदार खिळ्यानं टोचून बघा. भुसभुशीत लागली तर वाळवी आहे, घरात घेऊ नका. कोनाडा असेल तर तो तयार फ्रेमच आहे. त्यात लहान चित्र नुसतं टेकवून ठेवायचं आणि दर दोन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे कोणतंच चित्र वर्षभर उजेडात राहत नाही.

मृग लागायच्या आधी एका दुपारी घरातल्या सगळ्या फ्रेमा उतरवून उलट्या करा. खाकी कागद फाटलाय का, बूच पडलंय का, भिंतीवर ओलीचा पिवळा नकाशा उमटलाय का, ते बघा. माझ्याकडे हे काम कुरडया घालून झाल्या की लगेच असतं, तेव्हा चीक ताजा असतो.