दिवाडी बेटावर दोघांनी सायकल कशी मारायची (आणि मधे काय काय खायचं)

गोव्याला गेलं की सगळे स्कूटी घेतात, आम्हीही घ्यायचो. या वेळी एक दिवस सायकल घेतली, पणजीतून निघून मांडवी नदीतलं दिवाडी बेट फिरून परत, सगळं मिळून साधारण तीसेक किलोमीटर. ऐकायला जास्त वाटतं, पण सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत वेळ असतो आणि दर तासा-दीड तासाला काहीतरी खायला थांबायचंच असतं, त्यामुळे पाय दुखायच्या आधी पोट भरतं. कुणाला करायचं असेल तर आम्ही कसं केलं ते सांगते.

आधी वार ठरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. सोमवार नको, कारण बऱ्याच हिंदू घरांत आणि काही खानावळींत त्या दिवशी मासे नसतात, रविवारी पणजीतली बरीच छोटी दुकानं बंद. आणि कालनिर्णयही बघून घ्या, आमच्याकडे नवऱ्याची संकष्टी असते हे मला बुकिंग झाल्यावर आठवलं होतं, मग एक दिवस पुढे ढकललं. महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव जातो.

सायकल भाड्याने घेताना लाजू नका, नीट चेक करा. दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायर अंगठ्याने दाबा, चेन हाताने फिरवून बघा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर करून घ्या नाहीतर दुपारपर्यंत गुडघे बोंबलतात. आम्ही घाईत चेन बघितली नाही आणि कॉजवेवर, म्हणजे नदीकाठच्या बांधरस्त्यावरच, उतरली, नवऱ्याचे दोन्ही हात काळेकुट्ट, रुमाल माझा. एक जुना कपडा बरोबर ठेवाच. पाणी दोघांत मिळून निदान दोन लिटर, टोपी, आणि गिअरवाली सायकल मागा, एक चढ आहे, सांगते पुढे.

सकाळचा नाश्ता पणजीतच करून निघायचं. भाजी-पाव. आपला पावभाजी नाही हं, तो वेगळा. इथे पातळ भाजी असते, सुकी असते, दोन्ही मिक्स पण देतात, सोबत मिरची भजी आणि गोडसर बन्स, म्हणजे केळ्याच्या पुऱ्या. कॅफे भोसलेमध्ये गर्दी असते पण लोक पटापट उठतात. जास्त खाऊ नका, एकेक प्लेट आणि एक बन्स दोघांत. (आम्ही दोन खाल्ले.)

मग रायबंदरचा कॉजवे. जवळपास तीन किलोमीटर एकदम सपाट रस्ता, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. बस जोरात जातात, त्यामुळे शेजारी शेजारी गप्पा मारत चालवू नका, एकामागे एक. जो हळू चालवतो त्याला पुढे ठेवा, हा नियम दिवसभर पाळा. वेगवान माणूस पुढे गेला की मागच्याला उगाच पळावं लागतं आणि मग चिडचिड, हे आमचं लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकून झालंय. रायबंदरला फेरी दिसेल ती चोडण बेटाची, तिच्यात चढू नका, तुम्हाला जुन्या गोव्याला जायचंय. पणजीपासून दहाएक किलोमीटर. तिथे वाइसरॉय आर्चच्या खालून सरळ गेलं की दिवाडीच्या फेरीचा धक्का.

फेरीत सायकल कडेला लावा, गाड्यांच्या मधे नको. रॅम्प ओला आणि निसरडा असतो, उतरताना हातात धरून चालत उतरा, बसून मारायची हौस करू नका.

पलीकडे गेलं की जग बदलतं. दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून सरळ रस्ता, वाहनं फारच कमी. ही खाजन शेती, म्हणजे भरतीच्या पातळीच्या खालची जमीन, बांध घालून आणि मानस नावाच्या दारांनी खारं पाणी अडवून पिकवलेली. म्हणूनच सगळं इतकं सपाट, सायकलला यापेक्षा चांगलं काही नाही. तो मघाचा चढ म्हणजे पिएदादच्या टेकडीवरचं चर्च. आम्ही अर्ध्यातून उतरून ढकलत नेली, त्यात काही कमीपणा नाही. वरून मांडवी आणि पलीकडची जुन्या गोव्याची चर्चं दिसतात, तिथे निवांत बसा.

आता पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. सकाळी आणि परत चारच्या पुढे सायकलच्या हॉर्नचा पों-पों आवाज आला की थांबायचं, मागे मोठी टोपली असते, त्यात पोई, उंडे, कांकणं, सगळे गोव्याच्या पावांचे प्रकार. सुट्टे पैसे ठेवा. गरम पोई नुसतीच खायची, आत काही भरायची गरज नाही, पण डब्यात लोणी असेल तर भारीच. दिवसभराच्या खाण्यातलं मला हेच सगळ्यात आवडलं, रस्त्याच्या कडेला सायकली टेकवून दोघांनी दोन पोया संपवल्या.

वेळ असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या दिवाडीवरच होतं, कदंब राजांचं दैवत, पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीकडच्या नार्वेत नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दोन्ही काठांना नार्वेच नाव आहे, त्यामुळे रस्ता विचारताना गोंधळ होतो. फेरीने पलीकडे जाऊन देऊळ बघता येतं, पण मग जेवणाची वेळ चुकते. आमची चुकलेली.

जेवणाचं घड्याळ बघाच. एक वाजला की गाव झोपायला जातो, दुकानं चारपर्यंत उघडत नाहीत. बेटावर खायची ठिकाणं कमीच, त्यामुळे साडेबारापर्यंत जुन्या गोव्यात परत या आणि साधी फिश थाळी मागा: भात, हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर), सुक्या तिसऱ्या, तळलेला बांगडा, सोलकढी. आम्ही पोचलो दोनला, मासे संपलेले, वरण-भात खाल्ला आणि गप्प बसलो. जेवल्यावर तासभर झाडाखाली पडा. लगेच सायकलवर बसलात तर सोलकढी वर येते.

परतताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तो पश्चिमेकडून, म्हणजे कॉजवेवर बरोब्बर तोंडावर. सकाळी जे पंधरा मिनिटांत झालं त्याला अर्धा तास लागतो. हलका गिअर टाका, एकमेकांच्या मागे रहा, पुढचा माणूस थोडा वारा अडवतो, दर पाच मिनिटांनी अदलाबदली करा. इथे मात्र हळू माणूस पुढे हा नियम मोडायची परवानगी.

पणजीत सायकली परत केल्या की अंधार पडतो आणि हातगाड्या लागतात. रस-ऑम्लेट सांगा, ऑम्लेटवर चिकनच्या शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा, गरम रस्सा, वर कांदा, लिंबू आणि बाजूला पाव. एकच घेऊन दोघांत खाऊ असं कुणीतरी म्हणेल, नवऱ्याने म्हटलंच. ऐकू नका, पहिल्यांदाच दोन सांगा.