एक्सचेंज सेमिस्टरला जायचंय? आधी विषयांची यादी काढा, देश नंतर ठरवा

बिझनेसची डिग्री करताना एखादं सेमिस्टर बाहेरच्या युनिव्हर्सिटीत करायचं म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, कुठल्या देशात जाऊ? ज्युनियर्सचे मेसेज येतात त्यातही हाच, आणि मी सगळ्यांना एकच सांगते, देश राहू दे बाजूला, आधी तुझ्या डिग्रीतले कुठले विषय अजून व्हायचेत ते कागदावर लिही. मी स्वतः तिसऱ्या वर्षात गेले होते आणि तिथे सगळ्यात निवांत तीच मुलं होती ज्यांचं क्रेडिटचं काम, म्हणजे तिकडे केलेले विषय आपल्या डिग्रीत धरून घेण्याचं काम, निघायच्या आधीच पक्कं झालेलं, बाकीचे अर्धं सेमिस्टर ईमेलच करत बसले.

तर क्रेडिट. युरोपात ईसीटीएस ही क्रेडिट मोजायची समान पद्धत चालते, वर्षाला ६० क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, लेक्चर, वाचन, परीक्षेची तयारी सगळं मिळून. म्हणजे ६ क्रेडिटचा एक कोर्स घेतला की तो १५० ते १८० तास खाणार हे आधीच कळतं. युरोपाबाहेर हिशोब वेगळा असतो, त्यामुळे तिथलं किती म्हणजे इथलं किती हे तुमच्या युनिव्हर्सिटीच्या एक्सचेंज ऑफिसकडून लेखी विचारून घ्या.

कोर्स जुळवताना नावावर अजिबात जाऊ नका. फायनान्शियल मॅनेजमेंट या एकाच नावाखाली एका ठिकाणी बाँड आणि शेअरचं मूल्य काढायला शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी वर्किंग कॅपिटल आणि कॅश फ्लो. आठवड्यानुसार काय शिकवणार ती पूर्ण आउटलाइन मिळवा, आपल्या विषयाच्या आउटलाइनशेजारी ठेवा, दोन्ही जोडून आपल्या युनिव्हर्सिटीच्या एक्सचेंज कोऑर्डिनेटरला पाठवा आणि होकार ईमेलवरच घ्या. तोंडी "होऊन जाईल" म्हणणारी व्यक्ती तुम्ही परत येईपर्यंत त्याच खुर्चीवर असेल असं काही नाही.

आणि गरजेपेक्षा दोन कोर्स जास्त मंजूर करून ठेवा, हे मी अक्षरशः हात जोडून सांगते. माझा एक कोर्स पुरेशी मुलं नाहीत म्हणून रद्द झाला आणि दुसरा फक्त तिथल्या स्थानिक भाषेत होता हे पहिल्या लेक्चरला बसल्यावर कळलं. कोर्स बदलायची मुदत फार थोडी असते, माझ्याकडे मंजूर झालेला एकच जादाचा होता, म्हणून दुसऱ्यासाठी चार दिवस नुसती धावपळ झाली.

कुठले विषय तिकडे घ्यायचे? माझं मत स्पष्ट आहे, टॅक्स आणि बिझनेस लॉ आपल्याकडेच करा, कारण ते त्या त्या देशाच्या कायद्यावर उभे असतात, तिकडचा टॅक्स शिकून इकडे क्रेडिटही मिळत नाही बऱ्याचदा. निगोशिएशन, मार्केट रिसर्च, इंटरनॅशनल फायनान्स, सप्लाय चेन हे मात्र जरूर घ्या, वर्गात चार देशांची मुलं असली की या विषयांना खरी मजा येते. अकाउंटिंग घेणार असाल तर आधी बघा की तिथे आयएफआरएस (बऱ्याच देशांत चालणारे हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम) शिकवतात की अमेरिकन गॅप (अमेरिकेचे स्वतःचे हिशोबाचे नियम). फरक वरवरचा नाहीये. उदाहरणार्थ लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरायची पद्धत, अमेरिकन गॅपमध्ये चालते आणि आयएफआरएसमध्ये चालत नाही, मग महागाईच्या काळात त्याच मालावर त्याच कंपनीचा नफा वेगळा दिसतो. शब्दही फसवतात. ब्रिटिश पुस्तकात टर्नओव्हर म्हणजे विक्री, अमेरिकन वर्गात तोच शब्द नोकरी सोडून जाणाऱ्या लोकांबद्दल येतो. ब्रिटिश स्टॉक म्हणजे गोदामातला माल, अमेरिकन स्टॉक म्हणजे शेअर. पहिल्या आठवड्यात अशा शब्दांची एक वही करा, खूप कामाला येते.

मार्कांची पद्धतही जाण्याआधी बघून ठेवा. ब्रिटनमध्ये बॅचलर्सला साधारण १०० पैकी ४० ला पास आणि ७० पासून वर फर्स्ट क्लास, फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, १ सगळ्यात वर आणि ४ म्हणजे जेमतेम पास. ब्रिटनमध्ये ६५ बघून रडणारी मुलं मी पाहिलीत, ते खरंतर चांगले मार्क असतात. आणि हे मार्क तुमच्या डिग्रीत धरणार की नुसतं पास-नापास नोंदवणार, हेही विचारा, कारण त्यावर किती जीव काढायचा ते ठरतं.

आता वर्गाबद्दल. बऱ्याच बिझनेस स्कूलमध्ये केस पद्धत असते, कंपनीची गोष्ट दहा-पंधरा पानं आणि मागे तक्ते. ती गोष्टीसारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नका. पहिलं पान आणि शेवटचा परिच्छेद वाचा, तिथे निर्णय कोणाला आणि कधीपर्यंत घ्यायचाय ते असतं, मग मागचे तक्ते बघा, मग सगळं वाचा. वर्गात जाताना एका चिठ्ठीवर मी काय करेन हे एक वाक्य आणि त्यामागचे दोन आकडे लिहून न्या. अचानक नाव पुकारलं तरी बोलायला काहीतरी हातात असतं. भाग घेण्याचे मार्क असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत एकदा तरी बोलाच, जितका उशीर कराल तितकं तोंड उघडणं जड जातं, माझं पहिलं वाक्य तर आदल्या मुलाच्या आकड्यावरचा एक साधा प्रश्न होता.

ग्रुप प्रोजेक्टवर जरा जास्त बोलते, कारण परदेशात शिकायला जायचं खरं कारण माझ्या मते तेच आहे. आम्ही चौघं होतो, चार देशांचे, नव्या प्रॉडक्टचा खर्च आणि नफा मांडायचा होता. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री साडेअकराला लायब्ररीत बसून सगळ्यांचे तक्ते एका शीटमध्ये चिकटवले तर नफा इतका सुंदर दिसायला लागला की आम्ही खूश. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात गप्प मुलगी, जी तोवर मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलली असेल, ती हळूच म्हणाली, महिन्याचं पॅकेजिंग २.४ युरोत कसं होईल? तेव्हा उलगडलं. जिने खर्च काढला होता तिच्या देशात हजारानंतर टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, तिने २.४०० लिहिलं ते दोन हजार चारशे म्हणून, माझ्या लॅपटॉपने ते दोन पूर्णांक चार वाचलं. पूर्ण शीट पहाटेपर्यंत परत तपासली, नफा जवळपास गायब झाला आणि आमची शिफारसही बदलली.

तेव्हापासून कुठल्याही ग्रुपची पहिली मीटिंग मी याच गोष्टींनी सुरू करते: आकडे कसे लिहायचे, रक्कम हजारात की लाखात की मिलियनमध्ये, कुठलं चलन, तारीख कशी लिहायची (०३/०४ म्हणजे कोणाला ३ एप्रिल तर कोणाला ४ मार्च), फाइल कुठे राहणार, शेवटचा हात कोण फिरवणार. आणि स्वतःची डेडलाइन खऱ्या डेडलाइनच्या दोन दिवस आधी. अर्धा तास लागतो, बस.

गप्प बसणाऱ्यांना कामचुकार समजू नका. बरेचदा ते डोक्यात दुसऱ्या भाषेतून वाक्य तयार करत असतात आणि तेवढ्यात तुम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलेले असता. नाव घेऊन विचारा, थोडं थांबा, मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा. खरंच कोणी काम करत नसेल तर तिसऱ्या आठवड्यातच ग्रुपमध्ये सरळ बोला, नाही सुधारलं तर सरांना किंवा मॅडमना सांगा, शेवटच्या आठवड्यात तक्रार केली तर कोणालाच काही करता येत नाही.

पैशाचं थोडक्यात. दोन युनिव्हर्सिटींचा एक्सचेंज करार असेल तर साधारणपणे फी आपल्याच युनिव्हर्सिटीला भरायची, तिकडे नाही, पण व्हिजिटिंग स्टुडंट म्हणून स्वतंत्र गेलात तर तिकडची पूर्ण फी लागू शकते, अर्ज करताना हे नीट वाचा. पहिला महिना सगळ्यात महाग, डिपॉझिट, इन्शुरन्स, पांघरूण-भांडी सगळं एकदम येतं, म्हणून लगेच काढता येतील असे दोन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा. पार्टटाइम नोकरीच्या भरवशावर बजेट करू नका. विद्यार्थ्यांच्या कामाला मर्यादा असतात, अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास आणि तेही कॅम्पसवर, ऑस्ट्रेलियात टर्ममध्ये दोन आठवड्यांना ४८ तास, आणि छोट्या एक्सचेंज व्हिसावर कधीकधी कामच करता येत नाही. तुमच्या व्हिसाच्या पत्रात काय लिहिलंय तेच खरं.

एकटेपणाबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. पहिले दोन आठवडे ओळखी आणि भटकण्यात जातात, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या रविवारी दुपारी खोलीत इतकं रिकामं वाटतं की तिकीट काढावंसं वाटतं. त्या दिवसासाठी आधीच काहीतरी ठरलेलं ठेवा, एखादा क्लब, दर रविवारी कोणासोबत तरी अभ्यास, चालायला जाणं, काहीही, फक्त त्यात दुसरं माणूस हवं. मला सावरलं ते त्या गप्प मुलीनेच, ती दर रविवारी अकाउंटिंगची गणितं घेऊन यायची.

इंटर्नशिपचे अर्ज आपल्याकडे कधी सुरू होतात ते जायच्या आधी कॅलेंडरवर टाका, नाहीतर तिकडच्या परीक्षांमध्येच ते येतात. निघायच्या शेवटच्या आठवड्यात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत मार्कशीट, कधी आणि कोणाला पाठवणार हे ऑफिसमध्ये जाऊन विचारा, आणि प्रत्येक कोर्सची आउटलाइन, असाइनमेंट, मार्कांचे स्क्रीनशॉट सगळं स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण सेमिस्टर संपल्यावर स्टुडंट लॉगिन बंद होतं आणि नेमकं त्यानंतरच तुमच्या युनिव्हर्सिटीतून मेल येतो की अमुक कोर्सची आउटलाइन परत पाठवा.