दहा दिवसांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सांख्यिकी शिकायला निघालात? या चुका टाळा

परीक्षा संपल्या की रिसर्च मेथडॉलॉजीच्या कार्यशाळांचा हंगाम सुरू होतो. आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) अनुदानावर चालणारे पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीचे दहा दिवसांचे कोर्स, प्राध्यापकांसाठीचे त्याहून थोडे लांब कार्यक्रम, विद्यापीठांच्या एफडीपी (प्राध्यापक विकास कार्यक्रम) आणि शनिवार-रविवारी झूमवर चालणारे एसईएमचे (स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग या पद्धतीचे) वर्ग. कुणाला पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र हवं असतं, कुणाला प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण करायचं असतं. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी अशा कोर्समध्ये बहुतेक वेळा लॅबमध्ये असतो, अडलेल्या लॅपटॉपपाशी वाकून. तिथून जे दिसतं ते असं: गणित कच्चं असल्यामुळे अडणारे कमी. आपला डेटा गोळा कसा झाला हे बाजूला ठेवून पद्धत निवडणारे जास्त. पुढच्या बहुतेक चुका याच मुळाच्या फांद्या आहेत.

पद्धत आधी, प्रश्न मागाहून

‘आमच्या गाइडनी एसईएम लावायला सांगितलंय.’ पहिल्या दिवशीच्या ओळखपरेडीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. प्रश्न काय आहे विचारलं, तर बचत गटात असलेल्या बायकांना घरखर्चाच्या निर्णयात जास्त वाव मिळतो का, एवढाच असतो. वाव आहे किंवा नाही अशा दोन उत्तरांत तो मोजला असेल, तर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन पुरतं. जी गोष्ट थेट मोजता येत नाही (आत्मविश्वास, संस्थेवरचा विश्वास), ती अनेक प्रश्नांतून मोजायची असेल आणि अशा गोष्टींमधली नाती तपासायची असतील, तर एसईएमला अर्थ आहे. ‘नमुना लहान आहे, म्हणून पीएलएस घेऊ’ (पीएलएस हा एसईएमचाच एक प्रकार) हाही एक लोकप्रिय गैरसमज. सॉफ्टवेअर शंभर माणसांवर आकृती काढून देतं, म्हणून शंभर माणसांत असलेली माहिती वाढत नाही.

कोर्सचा अर्ज भरण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: कोणत्या लोकांमध्ये, कोणती गोष्ट, कुणाच्या तुलनेत, कशी मोजली. हे वाक्य पूर्ण होत नसेल, तर तूर्त प्रगत कोर्सची फी भरू नका.

बचत गटाच्याच उदाहरणात आणखी एक खड्डा आहे. गटात येणाऱ्या बायका मुळातच थोड्या बोलक्या, घरून मोकळीक असलेल्या असू शकतात. मग फरक गटामुळे पडला की आधीपासूनच होता? इथे प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग (गटातल्या आणि गटाबाहेरच्या सारख्या बायकांच्या जोड्या लावणं) सुचवलं जातं आणि ते उपयोगी आहेच. पण ते फक्त तुम्ही मोजलेल्या गोष्टींवर जोड्या लावतं. सासूचा स्वभाव प्रश्नावलीत नसेल, तर तो मॅचिंगमध्येही नसतो. तेव्हा ‘परिणाम’ हा शब्द जरा जपून वापरा.

384 नावाचा तोडगा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात आरआरसीसमोर (पीएचडीचे विषय तपासणाऱ्या समितीसमोर) ठेवलेले दहा सिनॉप्सिस (संशोधनाचे आराखडे) उघडून बघा. नमुना 384 किंवा 400 असे आकडे वारंवार भेटतील. हा आकडा क्रेजी आणि मॉर्गन यांच्या 1970 सालच्या तक्त्यातून येतो. लोकसंख्या दहा लाख असेल तर नमुना 384, असं तो तक्ता सांगतो. त्यामागच्या अटी मात्र सिनॉप्सिसमध्ये कुणी लिहीत नाही: एकच टक्केवारी काढायची आहे, ती 50 च्या आसपास धरली आहे, 95 टक्के खात्रीने 5 टक्क्यांची चूक चालणार आहे आणि निवड साध्या यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सगळ्या यादीतून चिठ्ठ्या टाकून झाली आहे.

प्रत्यक्षात काय होतं? तालुक्यातली 12 गावं निवडली जातात आणि प्रत्येक गावात 32 बायका. 12 गुणिले 32, बरोबर 384. हिशोब जुळला म्हणून सगळे खूश. पण एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात: तीच बँक, तोच ग्रामसेवक, तेच पाणी. सारखेपणाचं हे माप आयसीसी. समजा ते अगदी कमी, 0.05 आहे. या सारखेपणामुळे नमुना किती पटीने कमी उपयोगी ठरतो, तो डिझाइन इफेक्ट. त्याचं सूत्र सोपं आहे: गावातल्या नमुन्यातून एक वजा करा, आयसीसीने गुणा, त्यात एक मिळवा. 31 गुणिले 0.05 म्हणजे 1.55, अधिक 1, एकूण 2.55. आता 384 भागिले 2.55 करा. हाती उरतात साधारण 150 बायका. चूक 5 टक्क्यांची नाही, 8 टक्क्यांची झाली.

आता तेच 384 उलटे मांडा: 32 गावं, प्रत्येकी 12 बायका. डिझाइन इफेक्ट 1.55 आणि उपयोगी नमुना जवळपास 248. मुलाखती तेवढ्याच, कागद तेवढाच, एसटीचे हेलपाटे मात्र वाढले. सर्वेक्षणाचा खर्च या गणितावर ठरवायचा असतो आणि ते गणित क्षेत्रकार्याच्या आधी करायचं असतं. मल्टिलेव्हलचा (व्यक्ती आणि गाव असे स्तर एकत्र धरणाऱ्या पद्धतीचा) कोर्स डेटा गोळा करून झाल्यावर करणारे या ठिकाणी हळहळतात.

तुमचा मुख्य प्रश्न गावाविषयी असेल (ग्रामसंघ, म्हणजे बचत गटांचा गावपातळीवरचा संघ, असलेल्या आणि नसलेल्या गावांत फरक पडतो का), तर परिस्थिती आणखी बिकट. त्या प्रश्नापुरता तुमचा नमुना 384 नाही, 12 आहे. प्रत्येक गावात आणखी वीस बायका भेटून तो तेरा होत नाही.

या विषयात आपल्याकडे वारसा काही कमी नाही. नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धांतात जगभर नाव असलेले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. तरीही आपल्या प्रबंधांत नमुना निवडीला अर्धं पान आणि सॉफ्टवेअरच्या तक्त्यांना साठ पानं, हे माझ्या मते उलटं आहे.

तयार डेटा म्हणजे तयार जेवण नव्हे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. मुंबईच्या आयआयपीएसने समन्वय केलेल्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयाच्या 7,24,115 स्त्रियांच्या मुलाखती आहेत. सोनं आहे ते. पण थेट एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतलं की मजा सुरू होते.

‘सर, सरासरी बीएमआय दोन हजारांवर येतोय.’ बरोबर आहे, कारण बीएमआयच्या (उंची-वजनाच्या निर्देशांकाच्या) रकान्यात दशांशचिन्ह गृहीत धरलेलं असतं आणि आकडा शंभरपट लिहिलेला असतो. हिमोग्लोबिन दहापट. शिवाय 9998 सारखे संकेतांक ‘मोजमाप ग्राह्य नाही’ असं सांगतात, ते तसेच राहिले तर सरासरी आणखी फुगते. पहिलं काम म्हणजे प्रत्येक चलाचा (मोजलेल्या गोष्टीचा) किमान, कमाल आणि वारंवारता तक्ता बघणं. कंटाळवाणं आहे, दुसरा उपाय नाही.

दुसरी तक्रार वेट्सची, म्हणजे प्रत्येक उत्तराला द्यायच्या वजनाची. व्ही005 या रकान्यातलं वेट दहा लाखांनी भागायचं असतं. न भागता एसपीएसएसच्या ‘वेट केसेस’मध्ये टाकलं, तर एकूण संख्या सुमारे 72 हजार कोटींच्या घरात जाते आणि झाडून सगळे पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) .000 येतात. ते पाहून आनंद होतो, तोच धोका. भागून घेतल्यावरही ‘वेट केसेस’ला सर्वेक्षणाची रचना कळत नाही, वस्त्या आणि स्तर (नमुना निवडण्याआधी पाडलेले भाग) त्याला माहीत नसतात. त्यासाठी स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीवायसेट, आर या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हे पॅकेज, एसपीएसएसमध्ये कॉम्प्लेक्स सॅम्पल्स वापरा. वस्तीचा क्रमांक व्ही021 मध्ये असतो. स्तरांसाठी कोणता रकाना हे त्या फेरीच्या कागदपत्रांत बघून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराचे प्रश्न निवडक घरांत एकाच बाईला विचारलेले असतात आणि त्यांचं वेट वेगळं आहे, डी005. तिथे व्ही005 लावलेले शोधनिबंधही वाचनात येतात.

आणि .000 असं लिहू नका. 0.001 पेक्षा कमी, असं लिहा. शून्य शक्यता कुठल्याच चाचणीतून निघत नाही.

लाल अक्षरं दिसली की

लॅबमधले काही नेहमीचे अडथळे आणि त्यांचा बहुतेक वेळा लागू पडणारा अर्थ.

क्रॉनबॅक अल्फा (एकाच गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) उणे आला. प्रश्नावलीत ‘मोठे निर्णय पुरुषांनीच घ्यावेत’ असं उलटं विधान आहे का बघा. पाच गुणांच्या मापावर 6 वजा गुण करून ते सुलटं करा. तरीही अल्फा हलत नसेल, तर मूळ कागद काढा. सलग ‘सहमत’वर खुणा दिसल्या, तर उत्तर देणारी बाई कंटाळली होती किंवा भरणारा मुलगा घाईत होता. नकारार्थी विधानं बोलून विचारताना तर हमखास गोंधळ होतो. ‘मला एकटीने बाजारात जाणं आवडत नाही’ यावर ती ‘नाही’ म्हणाली, म्हणजे सहमत की असहमत? हा दोष सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही, पूर्वचाचणीच करू शकते.

लॉजिस्टिकमध्ये ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांची तुलना) कोटींत आणि स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) त्याहून अवाढव्य. कुठल्यातरी खान्यात शून्य आहे, जसं की पदव्युत्तर शिकलेल्या सगळ्याच बायकांचं बँक खातं आहे. क्रॉसटॅब (दोन चलांचा एकत्र तक्ता) काढा, वर्ग एकत्र करा किंवा फर्थची सुधारित पद्धत वापरा.

आरमध्ये मिक्स्ड मॉडेल (मल्टिलेव्हलचंच दुसरं नाव) चालवल्यावर ‘सिंग्युलर फिट’ असा इशारा. गावागावांतला फरक किंवा उतारांतला (एखाद्या चलाच्या गावागणिक परिणामातला) फरक शून्यावर जाऊन टेकला. गावं थोडी असली की हे सर्रास होतं. मॉडेलचा यादृच्छिक भाग सोपा करा, पण गाव हा स्तरच गुपचूप काढून साध्या रिग्रेशनवर परत येऊ नका.

एसईएममध्ये त्रुटीचं प्रसरण (व्हेरियन्स, आकड्यांच्या विखुरलेपणाचं माप) उणे. प्रसरण उणे असूच शकत नाही, तेव्हा ती खूण आहे: घटकाला दोनच प्रश्न आहेत, नमुना तोकडा आहे किंवा दोन प्रश्न शब्द बदलून तेच विचारतात. ते शून्यावर बांधून पुढे जाण्याचा सल्ला मिळेल. आधी कारण शोधा. याचाच चुलतभाऊ म्हणजे मॉडिफिकेशन इंडेक्स (कोणती जोड घातली तर मॉडेल सुधारेल हे सुचवणारा आकडा) बघून त्रुटी एकमेकींना जोडत राहणं, सीएफआय (मॉडेल डेटाला किती जुळतं त्याचं माप) 0.95 वर जाईपर्यंत. हू आणि बेंटलर यांच्या 1999 च्या लेखातले उंबरठे म्हणजे पासाचे गुण नव्हेत. प्रत्येक जोड का घातली, हे विषयाच्या भाषेत सांगता येत नसेल तर ती काढा.

मराठी अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो, तो फाइल एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत जतन केल्यामुळे. ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ निवडा. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकला असेल, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. विंडोजवर आर वापरत असाल तर 4.2 किंवा पुढची आवृत्ती ठेवा. इन्स्टॉलेशन घरी करून या, कारण पहिली सकाळ पन्नास लॅपटॉप एकाच वायफायवर पॅकेजेस उतरवण्यात जाते.

डेमो डेटा आणि तुमचा डेटा

शिक्षकाचा डेटा गुणी बाळ असतो. त्यात राहिलेली उत्तरं नसतात, गट सारख्या आकाराचे असतात, मॉडेल पहिल्या फटक्यात बसतं. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवसा शिकलेली एक गोष्ट स्वतःच्या डेटावर चालवून बघा आणि दुसऱ्या दिवशी ती बिघडलेली फाइल घेऊन शिक्षकांना गाठा. चहाच्या सुट्टीतली ही दहा मिनिटं सत्रांपेक्षा जास्त देऊन जातात. नाव, फोन, आधार क्रमांक असलेले रकाने मात्र आधी काढून टाका. लॅबच्या संगणकावर लोकांची माहिती तशीच पडून असते, हे मी फार वेळा बघतो.

एसपीएसएस मेनूवर टिचक्या मारत शिकलात, तर प्रत्येक वेळी ‘पेस्ट’ दाबून सिंटॅक्स (दिलेल्या आज्ञांची लेखी नोंद) जतन करा. सहा महिन्यांनी परीक्षकाने एक तक्ता बदलायला सांगितला, की कोणत्या चौकटीत खूण केली होती ते आठवत नाही.

आणि डेटा आधीच गोळा झाला असेल, गावंही 12 च असतील, तर? आयसीसी काढून प्रबंधात लिहा. प्रश्न व्यक्तीविषयी असेल, तर प्रत्येक गावाला स्वतंत्र डमी (0 किंवा 1 असा रकाना) देऊन फिक्स्ड इफेक्ट्सचं मॉडेल चालवा, मात्र गावपातळीचं कुठलंही चल मग त्यात मोजता येणार नाही. मिक्स्ड मॉडेलच हवं असेल, तर आरईएमएल आणि केनवर्ड-रॉजर सुधारणा (गट थोडे असताना हिशोब सावरणाऱ्या पद्धती) वापरा, आणि गावपातळीचे निष्कर्ष आवाज खाली ठेवून मांडा. व्हायवात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) विचारतील, तेव्हा हिशोब तुमच्याकडे तयार असेल. यासाठी गावाच्या नावाचा कॉलम लागतो. डेटा साफ करताना तो ‘नको असलेला’ म्हणून उडवला असेल, तर प्रश्नावल्यांचे गठ्ठे रद्दीत जाण्याआधी पुन्हा भरून घ्या.