चालीवर पद कसं लिहावं
नाटकात बोलणं अपुरं पडतं तिथेच पद, म्हणजे पात्राचं गाणं, घाला. पात्राला काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत कळू द्या. सरावाला साकी, दिंडी हे जुने गेय छंद बरे. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकातही ते होते. चालीच्या मात्रा मोजा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) खूण करा, तिथे वजनदार शब्द बसवा. समेवर ‘आणि’ आला की ओळ पडलीच. लांबणाऱ्या सुरावर दीर्घ स्वर हवा: ‘क्षितिज’मधला ‘क्षि’ ताणला तर ‘क्षी’ होतो, शब्द मोडतो. अंतऱ्यात (ध्रुवपदानंतरच्या कडव्यात) गोष्ट पुढे सरकली नाही, तर दिग्दर्शक तालमीत तो कापणार, आणि बरोबरच करणार.

अ‍ॅनिमेशनपटात गाणं सहसा चित्रांआधी ध्वनिमुद्रित होतं, म्हणून शब्द आधीच पक्के करा. डबिंगचं उलट, तिथे चित्रं आधीच तयार असतात: पडद्यावर ओठ मिटतात तिथे प, ब किंवा म आणा. लांबून दिसणाऱ्या दृश्यात एवढा काटेकोरपणा नको.